नकाशावरच्या टिकल्या

नकाशेवाल्याला कुणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे तुम्ही त्याच्या साहेबाला शिव्या घालाल आणि हा बेटा नामानिराळा राहील.

काम सरळ होतं. गावाच्या बाजूनं नवा सहापदरी महामार्ग जाणार होता, आणि त्याच्या कडेनं बाजार, गोदामं, कारखाने कुठे येतील याचा आराखडा करायचा होता. लोकांना विचारून करायचा, असा नियम. सगळं अडलं होतं एका प्रश्नावर: महामार्गावरून गाड्या खाली उतरायचा फाटा कुठे द्यायचा? पुलाच्या अलीकडे जुना नाका. तिथे सदतीस दुकानं, जुन्या रस्त्यावर जगणारी. पुलाच्या पलीकडे नुसतं मोकळं रान. फाटा अलीकडे आला तर नाका तरला. पलीकडे गेला तर गाड्या वरून भुर्रकन जाणार आणि दुकानदार माश्या मारत बसणार.

नाक्यावर नकाशेवाल्याची सख्खी मावशी पंक्चरचं दुकान चालवायची. काका गेल्यावर लोक म्हणाले, बाईमाणूस टायर कसे काढणार? मावशी म्हणाली, "जसे लागतात तसे." तेव्हापासून सगळा नाका तिला हवावाली म्हणतो. ह्या हवावालीनं दारोदार फिरून लोकांना सभेला आणलं. "अरे, नकाशा माझ्या भाच्याच्या हातात आहे! घरचं माणूस आहे, या!"

लोक आले. शाळेच्या सभागृहात चार बाकं जोडून त्यावर पलंगाएवढा नकाशा अंथरला होता. घरटी एक लाल टिकली दिली होती. फाटा हवा तिथे चिकटवा आणि चहा घ्या. मावशीला नकाशातलं ओ की ठो कळत नव्हतं. नकाशेवाल्यानं तिचं बोट धरून नाक्यावर टेकवलं. मग ती बाकाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि येईल त्याला सांगत सुटली, "पुलाच्या डाव्या हाताला लाव रे, डाव्या हाताला!" एकशे बारा टिकल्या लागल्या. त्यातल्या नव्वदच्या वर नाक्यावर. न्हावी म्हणाला, "नाक्याला देवी आल्यात!" आणि सगळे खो खो हसले.

पुढचं ऐका. नकाशेवाल्यानं घाईघाईनं नकाशाची गुंडाळी केली आणि गाडीच्या मागच्या काचेजवळ टाकली. भर दुपारचं ऊन, आणि टिकल्या घेतलेल्या सगळ्यात स्वस्त. कचेरीत गुंडाळी उलगडली तर अर्ध्याअधिक टिकल्या टेबलावर गळून पडल्या, काही नकाशाच्या पाठीला चिकटलेल्या.

अहो, फोन करायचा होता! "माणसं हो, घोटाळा झाला, परत या." मावशीनं तासाभरात सगळा नाका उभा केला असता. पण हसं होईल, साहेब काय म्हणेल, ह्या विचारानं गडी आठवून आठवून टिकल्या लावायला बसला. पहिल्या वीसेक प्रामाणिकपणे लावल्या. मग साहेब खांद्यावरून डोकावले. "पलीकडे जमीन मोकळी आहे. लोकांचा कल तिकडे असता तर आपलं काम किती सोपं झालं असतं, नाही?" एवढंच बोलले आणि हात धुवायला गेले.

ते परत येईपर्यंत पुलापलीकडे चाळीस टिकल्या होत्या. संध्याकाळपर्यंत सत्तर झाल्या. एकेक लावताना तो स्वतःला सांगत होता, ही तिकडचीच असेल. माणूस स्वतःला काहीही पटवू शकतो, फक्त हात चालू हवेत.

महिन्याभरानं दुसरी सभा भरली, त्याच सभागृहात. नकाशा आता भिंतीवर, काचेच्या चौकटीत. साहेब म्हणाले, "तुम्ही सांगितलंत, आम्ही ऐकलं. फाटा पुलापलीकडे. आज कुणाची हरकत असेल तर नोंदवा. नसेल तर उद्या आराखडा मंजुरीला जाईल."

सभागृहात आधी कुजबुज आणि मग गलका. न्हावी उठून ओरडला, "आम्ही कुठे तिकडे लावल्या? सगळ्या नाक्यावर लावल्या होत्या की!"

नकाशेवाल्याला वाटलं, आता पकडणार. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. एकदाची ब्याद सुटेल.

पण उठली मावशी. पदरानं तोंड पुसत, हळूच. मोठ्या आवाजाची बाई, पण त्या दिवशी मागच्यांना ऐकूही येईना.

"चूक माझी झाली," ती म्हणाली. "मी बाकाच्या पलीकडे उभी होते. तिथून नकाशा उलटा दिसत होता. मी डावं डावं करत बसले आणि ते निघालं उजवं. मला आज कळतंय. माझं ऐकून तुम्ही लावल्यात. मला मेलीला नकाशातलं काही कळत नाही, तरी पुढे पुढे केलं."

सदतीस दुकानांची माणसं तिच्याकडे बघत होती, आणि ती खाली मान घालून उभी होती. जिनं आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नव्हती ती. नकाशेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो ताडकन उठला.

"मावशीची काही चूक नाही! चूक माझी आहे. सगळी माझी."

पुढचं वाक्य तयार होतं. टिकल्या गळल्या आणि मी माझ्या हातानं दुसरीकडे लावल्या. बारा शब्दसुद्धा नाहीत हो!

"गप रे," मावशी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. तुझी नोकरी आहे."

"भाचा असावा तर असा," न्हावी म्हणाला. राग ओसरून त्याचाही आवाज मऊ झाला होता. मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या आणि घड्याळाकडे बघून विचारलं, "मग, हरकत नाही ना कुणाची?"

आपल्याच चुकीवर हरकत कोण घेणार? हात एकही वर झाला नाही. नकाशेवाला उभा होता. सगळे त्याच्याकडे कौतुकानं बघत होते. तो खाली बसला.

सभा सुटल्यावर मावशी म्हणाली, "चल जरा माझ्याबरोबर. एकटीला धीर होत नाही." आणि ती एकेका दुकानाच्या पायरीशी थांबून माफी मागत निघाली. ह्यानं प्रत्येक पायरीशी ठरवलं, पुढच्या दुकानात सांगतो. किराणावाला "जाऊ द्या" म्हणाला. शिंपीणबाई मशीन चालवत राहिली. वेल्डिंगवाल्यानं मावशीला बघून पाठ फिरवली.

न्हाव्याच्या दुकानात गेले तेव्हा मावशी हात जोडून दारातच उभी राहिली. न्हाव्यानं तिला आत ये म्हटलं नाही. तिच्या अंगावरून हात लांब करून त्यानं नकाशेवाल्याला आत घेतलं, नॅपकिननं खुर्ची झटकली आणि म्हणाला, "बसा साहेब. तुमच्यासारखी माणसं कुठे मिळतात आता?"

आरशात मावशी दिसत होती, दारात, जोडलेल्या हातांनी. तो बसला.