गल्लीला ऐकू गेलेली आई

आईचा आवाज म्हणजे कुजबुज, हे लेकीला जन्मापासून माहीत होतं. तिच्या जन्माआधी दोन वर्षं आईच्या गळ्यातली गाठ काढली होती. जीव वाचला, आवाज गेला. लेकीला घरी बोलवायचं तर आई दोन टाळ्या वाजवी. रागावली की भांडी आपटी. आई एके काळी गायची, हे वडील सांगत, पण लेकीला ते पटत नसे. शिवणयंत्रावर वाकून गणवेश शिवणारी ही बाई गाणार ती काय!

लेक आता चाळिशीला आली होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. एका दुपारी दुकानात फोन आला. "तुमच्या आई तरुणपणी प्रार्थनामंदिरात गात होत्या ना?"

फोन करणारा जुन्या तबकड्या शोधत फिरत असे. अमेरिकेतलं सोल, चर्चमधलं गॉस्पेल, आफ्रिकेतले जुने वाद्यवृंद, असं जगाच्या विस्मरणात गेलेलं गाणं साफसूफ करायचं आणि त्याचे नवे संग्रह काढायचे, हा त्याचा उद्योग. त्याला एक तबकडी मिळाली होती. गाणारीचं नाव नव्हतं, फक्त प्रार्थनामंदिराचा शिक्का. तो तिथे गेला, तर चावीवाल्या म्हाताऱ्यानं सांगितलं, "त्या गाणाऱ्यांतली एक आहे अजून, तिची लेक चष्म्याच्या दुकानात असते. पण तिला गाण्याबद्दल काय विचारणार? तिला बोलताच येत नाही."

रविवारी सकाळी संग्रहवाला घरी आला. उंच, बुजरा माणूस. दारातल्या चपला ओलांडताना अडखळला आणि त्यानं चपलांचीच माफी मागितली. आईला तो तिथेच आवडला. त्यानं टेबलावर छोटा स्पीकर ठेवला.

आधी खरखर आली, मग ऑर्गन, आणि मग एक बाई गायला लागली. जाड, उबदार आवाज. खालून सावकाश चढत गेला आणि वर पोचल्यावर असा काही मोकळा सुटला, की लेकीनं ओठाशी नेलेला कप तसाच खाली ठेवला.

"कोण आहे ही?" तिनं विचारलं.

आईनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

लेक उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. चाळीस वर्षं जिच्या हातचं जेवलो, तिच्याशी आपली आज ओळख होतेय, असं तिला वाटलं. तोंडावर पाणी मारून ती बाहेर आली तेव्हा गाणं संपलं होतं. आई कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"दुसऱ्या कडव्यात घाई केली मी," आई कुजबुजली. "ऑर्गनवाली डोळे वटारत होती, तरी केली."

संग्रहवाल्यानं सोबतच्या पुस्तिकेचा कच्चा कागद पुढे केला. त्यावर पाच ठिकाणी 'अज्ञात' लिहिलं होतं. "तुमचं नाव सांगा. मुखपृष्ठावर तुमचा फोटो टाकू."

"माझा एकटीचा?" आईनं पेन्सिल मागून घेतली. "ऑर्गनवर माझी धाकटी जाऊ. ढोलावर पाववाला, पहाटे भट्टी लावून यायचा, मनगटाला पीठ तसंच. मागचे दोन आवाज धोबिणीचे आणि तिच्या बहिणीचे. मी एकटी असते तर गाण्याचं भजं झालं असतं." तिनं पाचही नावं ठळक अक्षरांत लिहिली. मग मान वर केली. "ही तबकडी होती कुणाकडे?"

"एका घड्याळजींकडे. जगात एवढी एकच उरली असावी."

"मला त्यांच्याकडे न्या."

घड्याळजींचं घर तीन बस बदलून जाण्याइतकं लांब. दारात उभे राहिलेले घड्याळजी ऐंशीचे होते, आणि जवळजवळ बहिरे. आता आली का पंचाईत! आईला आवाज नाही, त्यांना कान नाहीत. आई कुजबुजायची आणि लेक त्यांच्या कानाशी ओरडायची.

"आई विचारतेय, तुम्ही ती जपून का ठेवलीत?"

"बायकोमुळे," घड्याळजी म्हणाले. "सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. सकाळी अंग पुसताना फार दुखायचं तिला. हे गाणं लावलं की हूं की चूं करायची नाही. सहा वर्षं रोज लावलं. सुई बोथट व्हायच्या आत बदलायचो. ती गेल्यावर लावलं नाही, पण टाकवेना. आपण तर मातीचे. ही तबकडी मात्र कापसात गुंडाळून ठेवली."

आईनं त्यांचा हात धरला आणि काहीतरी पुटपुटली. लेक ओरडायला वाकली, पण आधी तिला डोळे पुसावे लागले.

"काय म्हणाल्या?" घड्याळजींनी विचारलं.

"आभार मानतेय."

"त्यांनी कशाला? वीस वर्षं मी आभार मानायला माणूस शोधतोय. तबकडीवर नावच नाही, मानायचे कुणाचे?" असं म्हणून त्यांनी हात जोडले. आईनं ते खाली ओढले, त्यांनी पुन्हा जोडले. दोघांची अशी झटापट चालली, की लेकीला रडता रडता हसू फुटलं.

निघताना आई म्हणाली, "पुस्तिकेत सहावं नाव यांचं घालायला सांग. जपणारा म्हणून."

तीन महिन्यांनी संग्रह आला. पेटीत चार तबकड्या, आईचं गाणं तिसऱ्या तबकडीवर, आणि पुस्तिकेत सहा नावं. लेकीनं उसना प्लेअर आणला, दुपारी खिडक्या उघडल्या आणि गाणं लावलं. संपलं की पुन्हा लावलं. चौथ्या खेपेला दारावर थाप पडली. वरच्या मजल्यावरची शेजारीण कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अहो, घरात आजारी माणूस आहे. आवाज जरा कमी करा की!"

लेक काही बोलणार, एवढ्यात आई पुढे आली. तिचा चेहरा असा फुलला होता, की शेजारीण चपापली.

"कुणाचा?" आई कुजबुजली. "माझा?"

मग तिनं शेजारणीला हाताला धरून आत घेतलं, खुर्ची दिली, आणि तबकडीचा आवाज स्वतःच्या हातानं कमी केला.