शेवटचे नऊ अंक

सरलाबाईंनी अंकाची घडी कागदाच्या पट्टीत सरकवली, कडेला खळ लावली आणि पट्टीवर अमेरिकेचा पत्ता लिहायला घेतला. दोन ओळी झाल्या तोच फाटकाची कडी वाजली. केळींमधल्या वाटेने पाठीवर सॅक घेतलेली एक तरुण मुलगी येत होती.

“हरिभाऊ इथेच राहतात ना? ‘वैतरणाकाठ’चे संपादक?”

“इथंच.” सरलाबाई थांबल्या. “ते नाहीत आता.”

मुलीची नजर आतल्या हार घातलेल्या फोटोवर गेली. ती पायरीवरच उभी राहिली.

“सॉरी, काकू. मी उन्नती. ठाण्याची, पण पीएच.डी. अमेरिकेत करतेय. तिथल्या आमच्या लायब्ररीत त्यांचे अंक येतात.”

सरलाबाईंनी हातातल्या पत्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. या पत्त्यावरून कधी माणूस चालत येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

“ये, बस,” त्या म्हणाल्या.

हरिभाऊंना जाऊन साडेतीन वर्षं झाली होती. निर्मळ गावाजवळच्या या वाडीत बसून त्यांनी तीस वर्षं ते त्रैमासिक चालवलं. शिलालेख, ताम्रपट, पोर्तुगीज अमदानीतल्या जमिनींचे कागद. ते लिहीत, सरलाबाई छापखान्यासाठी स्वच्छ प्रत करत. एखादं अक्षर लागलं नाही तर त्या विचारत, ते सांगत. बाकी दिवसभर घरात विहिरीवरचा पंप सुरू झाल्याचा आणि बंद झाल्याचाच काय तो आवाज.

ते गेले त्या श्रावणानंतर गावातले वर्गणीदार एकेक करून थांबले. अंक बंद झाला असंच सगळ्यांनी धरलं. मुलगा मस्कतला होता. त्यानेही फोनवर तेच धरलं. आणि मग दिवाळीच्या सुमारास अमेरिकेहून पत्र आलं. एकशे एकोणिसावा अंक अद्याप मिळालेला नाही, कृपया पाठवावा. सरलाबाईंनी ते पत्र तीनदा वाचलं. कुणीतरी वाट पाहत होतं.

अर्धा मजकूर हरिभाऊ ठेवून गेले होते. आठ पानं कमी पडत होती. छापखान्याचे फ्रान्सिस म्हणाले, “वहिनी, कोरी पानं नाही जात.” तेव्हा त्यांनी ती भरली. ‘संपादकाची टिपणं’ असा मथळा दिला आणि खाली हरिभाऊंचं नाव घातलं. ते गेल्याची चौकट टाकायची होती. ती त्या अंकात राहून गेली, पुढच्यातही राहून गेली. असे जमेल तसे नऊ अंक निघाले, पुढचे तर सगळे त्यांनीच लिहिलेले; आज हातात होता तो दहावा. दर वेळी उशीर झाला की पत्र येई, आणि सरलाबाई रात्रीचा स्वयंपाक लवकर उरकून लिहायला बसत.

उन्नतीने चहा घेतला. पट्टीवरचा पत्ता पाहून ती हसली.

“तुम्ही अजून पाठवता?”

“ते पत्र पाठवतात ना. अंक पोचला नाही की लगेच.”

“अहो काकू, ती पत्रं कॉम्प्युटर पाठवतो. नोंद झाली नाही की आपोआप निघतात.”

सरलाबाईंनी तिची कपबशी उचलली. मग परत खाली ठेवली.

“म्हणजे वाचत नाही कुणी?”

“मी वाचले ना.” उन्नती जरा ओशाळली. “पण खरं सांगू? त्याआधी कुणी वाचले नसावेत. पानं कडेला जोडलेलीच होती, कुणी कापलीच नव्हती. मी बसून पट्टीने कापली.”

वाऱ्याने केळीची पानं खसखसली. सरलाबाई बोटांवरची वाळलेली खळ सोलत राहिल्या.

“जुने अंक माझ्या कामाचे होतेच,” उन्नती म्हणाली, “पण मी इथवर आले ती शेवटच्या नऊ अंकांसाठी. त्यात ताम्रपट-बिम्रपट जवळजवळ नाहीतच. विहिरींची नावं, लग्नातले रुसवे, घरातल्या बोलीतले शब्द. आणि तुम्ही.”

“मी?”

उन्नतीने वहीत उतरवून घेतलेलं वाचलं. “‘आमची मंडळी ओटीवर बसून विड्याच्या पानांच्या जुड्या बांधते तेव्हा तिचे ओठ हलत असतात. इतकी वर्षं मला वाटे, ती पानं मोजते. ती गात असते.’” तिने वही मिटली. “किती पाहिलंय त्यांनी तुमच्याकडे! मला ना, हेवा वाटला.”

सरलाबाई उठल्या. खुंटीवरचा पंचा काढून त्यांनी हात पुसले, कोरडे होते तरी पुसले.

“एकदम कसा बदल झाला हो त्यांच्यात?” उन्नतीने विचारलं. “काही झालं होतं का?”

सरलाबाईंनी सांगायला तोंड उघडलं. मुलगी वर बघत होती, पेन उघडून.

“शेवटी शेवटी बोलायला लागले होते माझ्याशी,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळी इथंच बसायचे. मी जुड्या बांधायचे. कुठलं गाणं म्हणून विचारायचे.”

“आणि तुम्ही सांगायचात?”

“म्हणून दाखवायचे.”

उन्नतीने भराभर लिहून घेतलं. आगाशीहून साडेपाचची बस होती. तिने घड्याळ पाहिलं आणि सॅकचा बंद ओढला.

“काकू, एक राहिलं. प्रबंधात त्यांच्या नावापुढे सालं घालावी लागतात. जन्म सव्वीसचा, ते माहितीय. गेले कधी?”

सरलाबाई पंच्याची घडी घालत होत्या. एक घडी झाली, दुसरी झाली. खरं साल सांगितलं तर ते नऊ अंक हरिभाऊंचे राहत नव्हते.

“या दिवाळीत,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे दोन हजार साल.” उन्नतीने आकडे लिहिले आणि वही त्यांच्यापुढे धरली. “असं लिहू?”

सरलाबाईंनी ते नीट वाचलं.

“लिही.”