नवरीकडचे राष्ट्राध्यक्ष

देशाचे दुसरे राष्ट्राध्यक्ष, वारून चाळीस वर्षं झालेली असताना, टपालकारकुनाच्या बहिणीच्या लग्नाला नवरीकडून हजर राहिले. असं काही घडलंच नाही, असं नळखात्याचं म्हणणं आहे. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

राष्ट्राध्यक्षांच्या जयंतीला सगळ्या देशाला सुट्टी असते, नळखात्याचा टपालकारकून सोडून. परिपत्रकच तसं आहे: सकाळी ठीक नऊला, किमान दहा जणांच्या उपस्थितीत, तसबिरीला फुलं वाहावीत आणि फोटो वरच्या कार्यालयाला पाठवावा. सुट्टीच्या दिवशी दहा माणसं आणायची कुठून? गेल्या वर्षी त्याने पहारेकऱ्याला शेजारी उभं केलं आणि मागे आठ खुर्च्यांना कोट चढवले. वरून शेरा आला, कर्मचारी शिस्तबद्ध दिसले.

यंदा पंचाईत झाली. सगळे मोकळे असतात म्हणून मुलाकडच्यांनी नेमकी तीच तारीख धरली, वेळही नऊचीच. बहिणीने साफ सांगून टाकलं, "दादा, तू नसलास तर मीही जाणार नाही. दोघं मिळून खुर्च्यांना कोट घालू." ती बोलते ते करते, हे दादाला पाळण्यापासून ठाऊक होतं.

त्याने परिपत्रक तीनदा वाचलं आणि साहेबांपुढे ठेवलं. तसबीर कुठे असावी याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. साहेबांनी चष्मा पुसून खात्री केली, स्वतः स्टुलावर चढून तसबीर उतरवून दिली, आणि आपण त्या वेळी जागेवर नव्हतो असं बजावलं.

जयंतीच्या सकाळी राष्ट्राध्यक्ष चादरीत गुंडाळून, बसच्या खिडकीशी बसून हॉलवर पोचले. व्याह्यांनी त्यांना नवरीचे आजोबा समजून पुढच्या रांगेत मानाची खुर्ची दिली. नवरदेवाच्या आत्याने जवळून निरखून पाहिलं आणि नाक अगदी मुलीवर गेलंय असं जाहीर केलं. दादाने नाकाच्या वतीने आभार मानले.

नऊला बहिणीने पहिलं फूल वाहिलं. लग्नात रांग दिसली की माणूस कशाला हे न विचारता उभा राहतोच. बघता बघता दोनशे माणसं लागली. फोटोवाल्याची तारांबळ उडाली.

"दादा, हे हसतायत का रे?" बहिणीने तसबिरीकडे बघत हळूच विचारलं.

"जयंतीला पहिल्यांदाच माणसं आलीत ना त्यांच्या," दादा म्हणाला, आणि डोळ्यांत गेलेला कचरा काढू लागला.

पुढच्या महिन्यात वरून उत्कृष्ट उपस्थितीचं बक्षीस आलं. सोबत विचारणा होती, की एक महिला कर्मचारी एवढी नटलेली का. दादाने कळवलं, देशप्रेमापोटी. साहेब खूश झाले आणि त्यांनी लगोलग त्याला पत्र लिहायला बसवलं:

"माझ्या चिरंजिवांचा विवाह तीन महिन्यांनी, कामकाजाच्या दिवशी योजिला आहे. सबब, माननीय दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांची जन्मतारीख यंदापुरती आणखी एकदा, त्या दिवशी धरण्यात यावी, ही नम्र विनंती."