टाकीचं कुलूप

वरूड मागं पडलं आणि संत्र्यानं भरलेली गाडी पुन्हा खोकू लागली. केशवरावांनी ड्रायव्हरकडं, देवीदासकडं तिरपं पाहिलं. शेंदूरजनाघाटहून निघताना हीच गाडी कशी उधळत होती! थंड असली की ठणठणीत, तापली की दम टाकणार. आठ दिवस हेच.

देवीदास गाडीतलं डिझेल चोरून विकतो असं कुणीतरी कानात सांगितलं, म्हणून केशवरावांनी टाकीला कुलूप ठोकलं होतं. त्याचाच राग हा गाडीवर काढतो, अशी त्यांची खात्री होती. आज गाडी अडली तर बारा वर्षांच्या या ड्रायव्हरला काढायचं, असं ठरवूनच ते शेजारी बसले होते.

गाडी बंद पडली.

"कावून थांबवली?"

"मी नाई थांबवली, भाऊ. तापली का मरून राहिली ते."

"कुलूप लावल्यापासूनच बरी तापून राहिली!"

देवीदास खाली उतरला. त्यानं फोन करून मोर्शीहून योगेश मिस्तरीला बोलावलं, तेव्हा तर हे दोघं मिळालेलेच आहेत असं केशवरावांना वाटलं.

"याले तू आदीपासून वयखतं?" त्यांनी देवीदासला विचारलं.

"हा अख्खा रस्ताच मले वयखते, भाऊ."

योगेशनं फिल्टर पाहिलं, पाइप ढिला केला. "डिझेलच येऊन नाई राहिलं. टाकीची चावी कोनाजवळ हाये?"

चावी केशवरावांच्या करदोड्याला होती. सदरा वर करून त्यांनी ती सोडली. झाकण फिरवताच टाकीनं सूंऽऽ करून हवा आत ओढली. झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचं रबर गच्च बसवलेलं, त्यावर सुनेच्या नेलपॉलिशची खूण.

"हे कोनं लावलं?"

"म्या. कोनी खोललं तं समजावं म्हणून."

"वा, काकाजी! टाकीचं नाकच दाबलं तुमी. हवा आत गेली नाई तं डिझेल बाहेर येईन कसं? अर्ध्या घंट्यात टाकी आतून आवयते, डिझेल अडते, तेवढ्यात इंजन बी तापते. घडीभर उभी केली का हवा झिरपते अन् गाडी पुन्हा चालते. इंजनाचा काईच दोष नाई."

केशवरावांनी रबर ओरबाडून बांधावर फेकलं. माफीचे शब्द तोंडाशी आले, पण "चाल, बस," एवढंच बाहेर पडलं.

देवीदासनं फडक्याला हात पुसले. "संत्रा अमरावतीले पोचवतो, मालक. मंग गाडीची चावी घ्या. उद्यापासून दुसरा ड्रायव्हर पाहा."

बारा वर्षं भाऊ म्हणणाऱ्या तोंडून आज 'मालक' आलं. मोर्शीत केशवरावांनी विचारून पाहिलं, "च्या घेतं का रे?"

"उशीर व्हईन."

एकदा तरी गाडी अडावी, खाली उतरून याच्याशी दोन शब्द बोलता यावेत, असं केशवरावांना मनापासून वाटत होतं. गाडी चांगली तापली, पण अमरावतीपर्यंत एकदाही थांबली नाही.