डावीकडचा सामना

“दुसरा टीव्ही का नाही लावलास?” बाबांनी विचारलं.

दोन्ही टीव्ही लागलेले होते. एकाच टेबलावर, हातभर अंतर ठेवून, दोन्हींचे आवाज सारखेच बारीक. उजवीकडच्यावर पिवळे आणि पांढरे मैदानात उतरत होते, डावीकडच्यावर निळे आणि हिरवे.

“लावलाय, बाबा. मान वळवा. डावीकडे. अजून थोडी.”

त्यांनी मान वळवली आणि तो टीव्ही कुणीतरी आत्ताच आणून ठेवल्यासारखे ते बघत राहिले. “हां. चित्र जरा निळसर मारतंय. बघतो नंतर.” मग मान आपोआप सरळ झाली आणि डावीकडचा टीव्ही पुन्हा नाहीसा झाला.

बाबा चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त करत आले होते. पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली. डावा हात लुळा पडला. बोलणं, आठवण, थट्टा सगळं शाबूत राहिलं. गेली ती फक्त डावी बाजू. “डोळ्यांना दिसतंय त्यांच्या,” डॉक्टर म्हणाले होते, “पण तिकडे लक्ष जात नाही. आणि जात नाही, हेही त्यांना कळत नाही. आठवण करून देत राहा.” बाबा ताटातलं उजवीकडचं अर्धं संपवायचे आणि म्हणायचे, एवढंच वाढतेस होय? मी ताट फिरवायची.

फुटबॉलच्या स्पर्धेत गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवतात. दुसरीकडचा निकाल बघून कुणी सोयीचं खेळू नये म्हणून, हे मी लहान असल्यापासून ऐकत आले होते. त्या दिवसासाठी आमच्या घरी दोन टीव्ही लागायचे आणि दुकान दुपारीच बंद व्हायचं. बाबांच्या मांडीवर रजिस्टर असायचं. पान उभं दुभागलेलं, डाव्या रकान्यात डावीकडचा सामना, उजव्या रकान्यात उजवीकडचा. तीस वर्षांची अशी रजिस्टरं कपाटात होती. मित्रांत वाद झाला की शेवटचा शब्द त्यांचा.

“वेडेपणा आहे हा,” पोस्टमनकाका सोफ्यावर बसत म्हणाले. ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण हाक तीच राहिली होती. “एका टीव्हीवर कोपऱ्यात दुसऱ्या सामन्याची चौकट दाखवतात. गोल झाला की लगेच तिकडे नेतात. आणखी काय पाहिजे तुला, मेकॅनिक?”

“झाल्यावर नेतात ना? झाल्यावर दाखवलेला गोल म्हणजे गोल नव्हे, बातमी. तू जन्मभर दुसऱ्यांच्या बातम्या वाटल्यास. तुला काय फरक कळणार?”

“झालं यांचं सुरू,” सलूनवाले काका म्हणाले. ते एक दिवसाआड येऊन बाबांची दाढी करायचे, कारण बाबा स्वतः केली की अर्धीच करायचे आणि चेहऱ्यावरून हात फिरवून खूश व्हायचे.

“शेवटच्या फेरीत पहिला गोल मारणारा संघ दहातल्या सात वेळा जिंकतो,” बाबा म्हणाले.

“सहा वेळा.”

“सात. रजिस्टर काढू का?”

“तुझं रजिस्टर तुझीच बाजू घेणार. लिहिणारा कोण?”

मला फार बरं वाटलं. महिनाभरात घरात कुणी त्यांच्याशी असं बोललं नव्हतं. सगळे हळू, गोड आवाजात बोलायचे. हा एक दिवस त्यांना सबंध मिळावा, एवढंच मला हवं होतं.

हिशोब सोपा होता. हिरवे आधीच पुढे गेले होते. उरलेल्या एका जागेसाठी पिवळे आणि निळे. दोघांचे गुण सारखे, गोलफरक सारखा. आज जो मोठ्या फरकाने जिंकेल तो पुढे. सलूनवाले पिवळ्यांचे, पोस्टमन निळ्यांचे. बाबा कुणाचेच नसायचे.

बाराव्या मिनिटाला निळ्यांनी गोल मारला. पोस्टमनकाका उठून उभे राहिले.

“काय झालं? अजून फ्री-किकच घेतोय तो,” बाबा म्हणाले.

“निळ्यांचा गोल! डावीकडे बघ ना!”

मी त्यांची हनुवटी धरून चेहरा वळवला. “अरे वा,” ते म्हणाले. पण लिहायला मान खाली घातली तेव्हा डावा रकाना त्यांना सापडला नाही. ते पेन धरून थोडे थांबले, आणि का थांबलो हे विसरून पुन्हा समोर बघू लागले. एकतिसाव्या मिनिटाला निळ्यांचा दुसरा गोल झाला. या वेळी पोस्टमनकाका उठले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मध्यंतराआधी पिवळ्यांनी एक मारला. तो बाबांनी व्यवस्थित लिहिला: मिनिट, खेळाडूचा क्रमांक, डावा पाय.

मध्यंतरात मला वाटलं, साधी गोष्ट आहे, टेबलच उजवीकडे सरकवू. सलूनवाल्या काकांनी आणि मी टेबल ओढून त्यांच्या पार उजव्या हाताला नेलं. आता दोन्ही टीव्ही त्यांच्या चांगल्या बाजूला होते. बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, “एकच आणलात? दुसरा कुठे ठेवलात?”

मग आम्ही टीव्हींची अदलाबदल केली.

“पिवळ्यांचा सामना का बंद केला रे?” बाबा म्हणाले. “एवढा रंगात आलेला.”

कसेही ठेवले तरी दोनांतला डावा जात होता. सलूनवाले काका वायर हातात धरून उभेच राहिले. मी सगळं पुन्हा होतं तसं लावलं, आणि चहा ठेवते म्हणून आत गेले, आणि ओट्याला धरून थोडा वेळ तिथेच थांबले. त्यानंतर बाबा अकरा आठवडे होते. तेव्हा ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी टेबल दुसरीकडे कुठे नेणार होते मी?

मी चहा घेऊन आले तेव्हा उत्तरार्ध बराच झाला होता.

“एक-शून्य,” बाबा रजिस्टरवर पेन टेकवून सांगत होते. “तिकडे अजून काहीच नाही. म्हणजे पिवळे पुढे, निळे घरी. बोल आता, पोस्टमन.”

पोस्टमनकाकांनी डावीकडच्या टीव्हीकडे पाहिलं. तिथे कोपऱ्यात दोन-शून्य लिहिलेलं होतं. मग त्यांनी बाबांकडे पाहिलं, आणि हळू, गोड आवाजात म्हणाले, “बरोबर आहे तुझं, मेकॅनिक. पिवळेच पुढे.”

बाबांचा हात थांबला.

“काय म्हणालास?”

“बरोबर आहे म्हटलं.”

“तीस वर्षांत कधी म्हणाला होतास असं?” बाबांनी पेन खाली ठेवलं. “आणि तू तर निळ्यांचा.”

ते बराच वेळ पोस्टमनकाकांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी उजव्या हाताचं बोट रजिस्टरच्या पानावर ठेवलं आणि न बघता डावीकडे सरकवत नेलं, मधली रेघ ओलांडून, कागद संपून त्याची कड लागेपर्यंत. तिथे बोट घट्ट दाबून धरलं आणि त्या बोटामागोमाग मान कष्टाने वळवली.

“हा रकाना कोरा कसा?”

“बाबा...”

“किती आहे तिकडे?”

“दोन-शून्य,” मी म्हणाले. “निळे. बाराव्या आणि एकतिसाव्या मिनिटाला.”

“म्हणजे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं.”

“अरे, सांगितलं होतं तुला आम्ही,” सलूनवाले काका म्हणाले. “तू ‘अरे वा’सुद्धा म्हणालास.”

“म्हणालो असेन.” ते रागावले नव्हते. बंद पडलेला सेट उघडल्यावर आत नेमकं काय जळलंय ते दिसलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा. “अजून काय काय आहे गं तिकडे?”

मी चहाचा कप त्यांच्या उजवीकडे सरकवला.

“पोस्टमन.”

“हं.”

“यापुढे चुकलो तर भांडायचं. हो म्हणायचं नाही.”

“सहा वेळा,” पोस्टमनकाका म्हणाले. “दहातल्या सहाच वेळा. सात नाही.”

“सात,” बाबा म्हणाले, आणि पेन माझ्या हातात दिलं. “डावा रकाना तू लिही. आणि काय चाललंय ते बोलत राहा. मी इकडचं बघतो.”

मी त्यांच्या उजवीकडे खुर्ची ओढून बसले. निळ्यांकडे चेंडू. हिरव्यांचा बचाव. कॉर्नर. वाया गेला. बदली खेळाडू, सतरा नंबर. मला समालोचन कुठे येतंय? चेंडू कुठे आहे आणि कुणाकडे आहे, एवढंच सांगत गेले. बाबा मधेच विचारायचे, “कुठल्या पायाने?” आणि मला सांगता यायचं नाही.

उजवीकडची शिट्टी आधी वाजली. पिवळे एक-शून्यने जिंकले आणि तरी मैदानात तसेच उभे राहिले. मग बुटांची जाहिरात लागली.

“संपला?” बाबांनी विचारलं.

“हा संपला. तो चालू आहे. पाच मिनिटं जादा दिलीत.”

“मग थांबू.”

पोस्टमनकाका पुढे झुकून डावीकडे बघत होते. सलूनवाल्या काकांचे पिवळे आता त्याच सामन्यावर टांगलेले होते, म्हणून तेही तिकडेच बघत होते. बाबा जाहिरातीकडे तोंड करून ताठ बसले होते.

“संपला की सांग,” ते म्हणाले.