आंबट चहा

जर्मनीत वोल्फ्सबुर्गला लेकाकडे आल्यापासून दत्तोपंतांचं पोट काही ठिकाणावर नव्हतं. सुनेने, सुकन्याने, ऑफिसातल्या मैत्रिणीकडून कोंबुचाची, म्हणजे चहा आंबवायच्या विरजणाची, लिबलिबीत चकती आणली, गोड काळ्या चहात सोडली आणि बरणीवर फडकं बांधून आंबायला ठेवली. त्या चहात जराशी दारू उतरते, हे तिला ठाऊक होतं. पण सासरे माळकरी, त्यांना थेंबही वर्ज्य. म्हणून पोटाला बरं असतं, एवढंच तिने सांगितलं.

दत्तोपंतांनी कधी विचारलंच नाही. सुनेच्या हातचं काहीही ते डोळे मिटून, विठ्ठलाचं नाव घेऊन पीत. पोट खरंच हलकं झालं आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात ताटलीवर ठेका धरून त्यांचं कीर्तन रंगू लागलं.

एका रविवारी त्या चहाची भरून ठेवलेली बाटली उघडताना फस्सकन फेस आला.

"अगं, हा तर सोडाच झाला की!" ते हसले. "एवढा गॅस आला कुठून?"

"साखर आंबते ना, बाबा."

"आंबते?" त्यांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. "म्हणजे दारूसारखी?"

"अगदी नावापुरती, बाबा..."

त्यांनी पेला हळूच खाली ठेवला. "तुझा हेतू चांगलाच होता, पोरी," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

सुकन्याने बरणी मैत्रिणीला देऊन टाकली. कीर्तनही हळूहळू पुन्हा सुरू झालं. पण परवा तिने ताकाचं फुलपात्र पुढे केलं, तेव्हा दत्तोपंतांचे डोळे उघडेच होते.

"सुकन्या," त्यांनी संकोचून विचारलं, "यात काय काय घातलंयस गं?"