फेलिसितेचा पाळणा

मी बोलतोय रेजाँ नावाच्या शेतकऱ्याच्या कोठारातून, जळाऊ लाकडांच्या ढिगाशेजारून. मी पाळणा आहे. झुलायचं मी विसरलेलो नाही. झुलवणारं कुणी उरलं नाही, एवढंच.

मला घडवलं माथुरँ त्रेपानिएने. फ्रान्सच्या राजाचा शिपाई म्हणून तो जहाजातून समुद्रापलीकडच्या या बर्फाळ मुलखात आला, नदीकाठी जमिनीचा तुकडा मिळाला आणि इथलाच झाला. फौजेत प्रत्येकाला टोपणनाव असे. त्याचं होतं सांशाग्रँ, म्हणजे बिनघोर. पुढे मुलाबाळांना तेच आडनाव म्हणून चिकटलं. बायको पेरीन गरोदर राहिली तेव्हा त्याने पाइनच्या फळ्या तासून मला जोडलं. मुलगी झाली, तसं डोक्याकडच्या फळीवर नाव कोरलं : फेलिसिते.

मोठी हसरी पोर! दातसुद्धा आले नव्हते, पहिल्याच हिवाळ्यात तापाने गेली. माझ्याच कुशीत गेली. पेरीनने मला उलटं करून भिंतीशी लावलं.

मग दुसरी मुलगी झाली. गेलेल्या लेकराचं नाव मागून आलेल्याला द्यायचं, ही इथली रीत. घरातलं नाव घराबाहेर जाऊ द्यायचं नाही.

"चला, मला पुन्हा कोरत बसायला नको," माथुरँ म्हणाला.

पेरीन हसली नाही. या पोरीला ती कधी नावाने हाक मारत नसे, "ए चिमणे" म्हणायची. पण चिमणी चिवट निघाली. माझी कड चावून चावून तिने दात काढले, मोठी झाली, लग्न करून नदीपलीकडे गेली. तिच्या घरी पोरांचं गोकुळ झालं.

माझ्यात पुढे कितीतरी बाळं निजली. मग दुकानातून पांढरे पलंग आले, आणि माझी रवानगी इथे झाली.

परवा देशाच्या सीमेपलीकडून दोघं म्हातारी भावंडं आली, रोलांद आणि फेरनाँ. पूर्वजांचं घर शोधत होती.

"अरे फेरनाँ, नाव बघ! फेलिसिते!" रोलांद माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली.

"ताई, नवी पँट आहे. खाली शेण आहे."

"गप रे!" मग ती रेजाँकडे वळली. "आमच्या आजीच्या आजीची आजी फेलिसिते सांशाग्रँ. सांशाग्रँ म्हणजेच त्रेपानिए, हे शोधण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. आणि आज सकाळी चर्चमध्ये कळलं, माथुरँची फेलिसिते तान्हेपणीच गेली. पुढच्या वर्षांच्या नोंदी आगीत जळाल्यात."

"मग?" रेजाँने विचारलं.

"मग काय? तान्हेपणी गेलेल्या पोरीला कुठून नातवंडं? आमची फेलिसिते दुसऱ्या कुणाची तरी असणार."

"हत्ती गेला आणि शेपूट राहिलं," फेरनाँ पुटपुटला.

रोलांदची बोटं माझ्या कडेवर, त्या दातांच्या खुणांवरच फिरत होती. तिचे डोळे भरून आले. "बिचारी. आमची थोरलीही अशीच गेली, माझ्या जन्माआधी. माझं हे नाव तिचंच."

अगं बाई, तेच तर! मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पण पाळण्याचं ओरडणं ते काय? नुसती कुरकुर.

"घेऊन जा ना मावशी," रेजाँ म्हणाला. "नुसता पडून आहे."

तिने मला एकदा हळूच झोका दिला. किती वर्षांनी! मग हात काढून घेतला.

"नको रे. परक्याचं दुःख घरात कशाला?"

गाडी गेली. दुसऱ्या दिवशी रेजाँने बर्चचे ओंडके माझ्यात रचले. त्याचा राग नाही मला. ओंडक्यांना काय, झोका लागत नाही. मला मात्र तो तिचा एक झोका अजून आठवतो, आणि फार एकटं वाटतं.

तुम्हाला ती कुठे भेटलीच, पांढऱ्या केसांची, सगळ्यांना पूर्वजांबद्दल विचारत फिरणारी, तर माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, फेलिसिते दोन होत्या.